पडवीचं वर्ष

आमचं घर लहान आहे. पुढे पडवी, आत ओटी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, कडेला न्हाणी आणि वर माळा. गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याला. घरामागे आठ-नऊ गुंठ्यांचं परस आहे. त्यात माड, पोफळी, रातांबे, एक फणस, विहीर आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी केळी नि अळू. एवढ्यावर आमचं वर्ष उभं राहतं, आणि ते उभं करण्याचं काम मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, म्हणून कमी जागेची मला सवय होतीच. चाळीतली खोली दिवसात तीनदा बदलायची. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी अभ्यासाची जागा, रात्री गाद्या घातल्या की झोपायची खोली. इथली जागा महिन्यामहिन्यानं बदलते, हे समजायला मला पहिलं वर्ष पुरं लागलं. ज्या पडवीत वैशाखात रातांबे फोडायला बसायचं, तिथंच ज्येष्ठात सरपण रचलेलं असतं. श्रावणात तिथं ओले कपडे वाळत असतात, भाद्रपदात मुंबईकरांच्या पंगती बसतात, कार्तिकात भाताची पोती येऊन पडतात. एका जागेला एवढी कामं होतात, कारण ती ठरल्या क्रमानं येतात आणि तो क्रम पावसानं लावून दिला आहे. मोठ्या घरात एखादं काम उद्यावर टाकलं तरी चालतं; पसारा एका खोलीत लोटून दार ओढून घेता येतं. आमच्याकडे अशी जास्तीची खोली नाही. एक हंगाम आवरल्याशिवाय दुसऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि माझ्या मते हे घर इतकी वर्षं नीट चालण्याचं कारण तेच आहे.

सगळ्यात जास्त ओढाताण रातांब्याच्या दिवसांत होते. एप्रिल निम्मा सरला की फळं लाल व्हायला लागतात. झाड उंच आणि सरळ, फांद्या लवचीक, त्यामुळे वर चढण्यापेक्षा बांबूच्या आकडीनं फांदी हलवायची आणि खाली पडलेलं वेचायचं. मग पडवीत बसून फोडायची. गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्यात. गराला मीठ लावलं की रस सुटतो. साली दिवसभर उन्हात पसरायच्या, संध्याकाळी त्या रसात बुडवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यायचं. याला पुटं देणं म्हणतात. पुटं नीट बसली की साल लालाची काळपट होते, मऊ राहते आणि वर्ष-दोन वर्षं बरणीत हलत नाही. बाजारात पुष्कळदा एका पुटावर वाळवलेलं आमसूल मिळतं. ते आमटीत टाकलं की रंग देतं, पण चव देत नाही. हे मी कुणालाही सांगेन. भांडं चिनी मातीचं नाहीतर स्टीलचं लागतं, कारण तो रस पितळेला आणि ॲल्युमिनियमला खातो. उरलेल्या रसाचं मीठ घालून आगळ होतं, निवडक साली साखर भरून उन्हात ठेवल्या की सरबताचा पाक होतो. बियाही फुकट जात नाहीत. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की तेल वर येतं आणि गार झाल्यावर थिजतं. त्याचे गोळे वळून ठेवायचे. पावसात चिखलानं टाचा फुटतात तेव्हा दुसरं काही लागत नाही.

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जावी लागतात. सासऱ्यांनी लावलेल्या झाडांतलं एक असंच नर निघालं. जागा इतकी थोडी की ते काढून तिथं दुसरं काही लावावं, असं घरात सगळ्यांना वाटायचं. सासूबाईंनी हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "राहू दे गो. ह्याच्यावाचून बाकीच्यांना फळ कसं धरेल?" ते झाड अजून आहे. नंतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून आम्ही 'कोकण अमृता'चं कलम आणलं. कलमाला नर-मादीची धाकधूक नाही, शिवाय ही जात लवकर तयार होते. आमच्या कामात या लवकर तयार होण्याला फार किंमत आहे. जुन्या झाडांचं बरंचसं फळ जूनमध्ये पिकतं आणि ऐन पावसात खाली पडून कुजतं. तोंडाशी आलेलं ते लाल फळ चिखलात पाहणं मला कधी सवयीचं झालं नाही.

अंगणात आमसुलं, पडवीत बिया, ओटीवर फणसाच्या पोळीची ताटं, माळ्यावर आंब्याची आढी, असा तो महिना असतो. आढीला खाली-वर जो पेंढा लागतो तो कार्तिकातल्या भाताचा, तेव्हापासून माळ्यावर रचून ठेवलेला. फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून सुकवल्या की आषाढात भाजीला होतात. कडवे वाल पुन्हा एकदा उन्हात घालून डब्यात जातात. हर्णैच्या बंदरावरून सुकट, सोडे आणि सुके बांगडे आणायचे ते मे संपायच्या आत, कारण १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी बंदी लागते आणि सुक्याचा भाव चढतो. त्यात वळवाचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. ढग काळे दिसले की घरात असेल तो माणूस हातातलं टाकून अंगणाकडे धावतो. लहान मुलांनासुद्धा हे सांगावं लागत नाही.

घर शाकारायचं कामही याच दिवसांत. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, जूनच्या ७-८ तारखेला मृग. रोहिणीच्या आत छप्पर तयार हवं. कौलं उतरवून त्यांच्या खाली साचलेला पातेरा झाडायचा, फुटकी बदलायची, रिपांना वाळवी लागली आहे का ते ठोकून पाहायचं आणि पुन्हा खालून वर ओळी लावत जायचं. हे काम प्रत्येकाला जमत नाही. माणूस अंगानं हलका लागतो, आणि पाय कुठे ठेवावा हे त्याला न बघता कळायला लागतं. वाडीतले एक काका आमची कौलं वर्षानुवर्षं चाळत आले आहेत. मी खाली उभी राहून कौल वर देते आणि उतरलेलं हातात घेते, त्यामुळे छपराचा कोपरा न् कोपरा मला माहीत आहे. चुलीवरच्या भागातली कौलं आतून काळी झालेली, माजघरावर उजेडासाठी बसवलेलं काचेचं एक कौल, आणि आढ्याजवळ काही जुनी कौलं, ज्यांच्या पोटाशी इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असं उमटलेलं आहे. ते साल मंगलोरच्या कारखान्याचं. जर्मन बोलणाऱ्या मिशनऱ्यांनी तो सुरू केला आणि तिथल्या कौलांनी पुढे साऱ्या किनारपट्टीची घरं झाकली. आमची कौलं अर्थात त्यानंतरची, पण तरी फार जुनी. त्यांना अजून चीर नाही. नवी मात्र वानर एकदा उडी मारून गेलं की फुटतात.

वानरांचा आणि माकडांचा त्रास गेल्या काही वर्षांत फार वाढला. कौलं फोडतात, शेंगा ओरबाडतात, कोवळे नारळ पाडतात. वाडीतल्या कितीतरी घरांवर म्हणूनच पत्रे आले. ज्या घरात वर्षभर एखादंच म्हातारं माणूस असतं, तिथं दर वर्षी कौलं कोण चाळणार? त्यांनी पत्रा घातला तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पत्र्याखाली चैत्रात दुपारी बसवत नाही आणि आषाढात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही पत्रा फक्त गोठ्यावर घातला आहे.

२०२० साली आमचं सगळं वेळेवर झालं होतं. मुंबईची मुलं टाळेबंदीमुळे गावीच होती, हात भरपूर होते. कौलं चाळून झालेली, आमसुलं बरण्यांत भरलेली, सरपण पडवीत छताला टेकेपर्यंत रचलेलं, अंगणातला मांडव सोडलेला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. आमच्याकडे सकाळपासून वारा होता आणि दुपारी त्याचा आवाज बदलला. परसातून एकामागून एक पोफळी मोडल्याचे कडकड आवाज येत होते. थोड्या वेळानं डोक्यावरची कौलं उडायला लागली. आम्ही सगळे माजघरात जमलो, कारण ती घरातली सगळ्यात आतली जागा आणि तिच्या भिंती जाड मातीच्या. भाताची कणगी तिथंच होती, तिच्यावर ताडपत्री टाकली. मग जे जे ओलं होऊ द्यायचं नव्हतं ते सगळं त्या एका खोलीत आणलं: बरण्या, पीठ, बियाण्याच्या बाटल्या, गाद्या, मुलांची पुस्तकं, देव. वाटीभर जागा उरली त्यात माणसं बसली. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या एकदाच बोलल्या, "कणगीला टेकू नका कोणी."

संध्याकाळी वारा पडला तेव्हा परस ओळखू येत नव्हतं. पोफळींची रांग एका बाजूला आडवी झाली होती. दोन माड गेले, आणि ज्याच्या फळांची आढी घालायचो तो रायवळ आंबा मुळासकट उलथला होता. श्रीवर्धन, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात ज्यांचं सगळं उत्पन्न नारळ-सुपारीच्या आगरावर होतं, त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हतं, हे पुढे दिसलं. पण त्या संध्याकाळी मला फक्त आमचा आंबा दिसत होता.

वीज यायला आठवडे गेले. कौलं मिळेनात, ताडपत्री मिळेना, आणि मृग तर दारात. तेव्हा पडलेल्या झाडांनीच घर झाकलं. आडव्या झालेल्या माडांच्या झावळ्या तोडून, विहिरीच्या पाण्यात भिजवून, सासूबाई, मी आणि मुली झापं विणत बसलो. वयामुळे त्यांना खाली वाकवत नव्हतं, तरी त्यांचं झाप आमच्यापेक्षा घट्ट उतरायचं. काकांनी ती झापं उघड्या वाशांवर बांधली आणि त्यावर मिळेल तो प्लास्टिकचा कागद घातला. आषाढ आम्ही त्याखाली काढला. एरवी ही झापं उन्हाळ्यात अंगणातल्या मांडवावर असतात आणि पावसात पडवीला बांधतात, म्हणजे झड आत येत नाही. त्या वर्षी ती छप्पर झाली. परस आणि घर ही दोन वेगळी कामं आहेत असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

पोफळी गेल्यामुळे मागच्या जागेत अचानक ऊन आलं. ज्या जमिनीत सावलीमुळे अळूखेरीज काही होत नव्हतं, तिथं मी पडवळ, शिराळी, कारली आणि भेंडी लावली. भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापलेलं असतं, बाकीची बियाणी राखेत घोळून बाटलीत. ती सगळी माजघरात वाचली होती. मांडवाचे बांबू दर वर्षी अंगणातून निघतात आणि वेलांसाठी मागे जातात, तसे तेही गेले. पडवळाच्या टोकाला दगड बांधला की ते सरळ वाढतं. त्या श्रावणात मांडवाखाली दगड लटकत होते आणि आम्ही वाडीत भाजी वाटत होतो. नुकसान भरून निघालं असं मी म्हणणार नाही. माडाचं नुकसान पडवळानं भरत नाही. पण हाताला काम होतं, आणि त्या वर्षी त्याची फार गरज होती.

पावसातलं घरकाम हा वेगळाच प्रकार आहे. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटतं, भिंतीला ओल चढते. चूल तेवढी सगळ्यांना कोरडं ठेवते, म्हणून तिच्याभोवती सगळं जमतं. पडवीतल्या रचलेल्या लाकडांत साप-विंचू शिरतो, तेव्हा काठीनं आधी वाजवल्याशिवाय लाकूड ओढायचं नाही, हा नियम आम्ही मुलांना बोलायला लागल्याबरोबर शिकवतो. सुरुवातीला टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या घर चालवतात. बागेची भाजी सुरू व्हायला श्रावण उजाडतो. भाद्रपदात गौरीसाठी तेरडा आणि पातोळ्यांना हळदीची पानं परसातूनच येतात. तवशी तोवर हातभर झालेली असतात. काही धोंडसाला जातात, उरलेली केळीच्या सोपटानं बांधून माळ्याच्या वाशांना टांगायची. एकमेकांना लागू द्यायची नाहीत, लागली की कुजतात. अशी टांगलेली तवशी दिवाळीच्या पुढेही पुरतात. माळ्यावर तेव्हा पेंढा नसतो, आढी नसते, म्हणून तर जागा असते.

दिवाळीच्या सुमाराला अंगण करायचं. पावसानं शेवाळ चढलेलं असतं, ते खरवडून जमीन खणायची, सपाट करायची, पाणी मारून चोपण्यानं चोपायची आणि सारवायची. हे काम मला सगळ्यात आवडतं. कंबर धरते, पण दोन दिवसांनी भात वाळत घालायला जागा तयार झालेली असते. त्यानंतर हिवाळा हलका जातो. वाल पेरले जातात, विहिरीच्या पाण्यावर मुळा, माठ, वांगी, मिरच्या होतात, आणि उन्हं वाढली की पुन्हा मांडवासाठी झावळ्या भिजत पडतात.

वादळानंतर आम्ही आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या रोपाला कोवळेपणी सावली लागते. केळींच्या आडोशानं पोफळी आल्या, मोकळ्या जागी बाणवली माड. त्यांतल्या एका माडाला पहिली पोय आली आहे. भाजीची ती उन्हाची जागा आता वर्षावर्षानं आक्रसते. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथं पुन्हा अळूच राहील, आणि पडवळाला मला विहिरीपलीकडे जागा शोधावी लागेल.

मुलगी पुण्याला असते. ती म्हणते, आई, स्लॅब टाकूया आणि वर एक खोली काढूया, तुझी धावपळ कमी होईल. ती हे मायेनं म्हणते, आणि माझे गुडघे पाहून म्हणते. आम्ही दोघींनी यावर पुष्कळ बोलून पाहिलं. स्लॅबवर आमसुलं छान वाळतील, हे मला मान्य आहे. पण स्लॅबच्या घराला वासे नाहीत, माळा नाही, धूर जायला फट नाही. तवशी कुठे टांगायची, पेंढा कुठे ठेवायचा, बियाण्याला चुलीची ऊब कशी मिळायची, या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडेही पुरतं उत्तर नव्हतं: काका थकले की कौलांवर कोण चढणार?

मग तिनंच काकांना फोन केला. काकांनी सांगितलं की यंदा ते पुतण्याला बरोबर आणतील. स्वतः आढ्यापाशी बसून दाखवतील आणि कौलं पोरगा लावील, पण शिकाऊ म्हणून त्याला कमी मजुरी चालणार नाही, पुरी द्यायची. आम्ही हो म्हटलं आहे. पलीकडच्या वाडीत एक जुनं घर उतरवलं, त्याची कौलं विकत घेऊन गोठ्यामागे रचून ठेवली आहेत, तीही पुरतील. मुलगी मेच्या तिसऱ्या आठवड्यात रजा काढून येते आहे. तोवर ओटीवरची फणसपोळी आवरायला हवी, म्हणजे उतरलेली कौलं ठेवायला जागा होईल.